अज्ञात की न नोंदवलेला? दापोडीच्या वनस्पतिचित्रांवरच्या एका प्रदर्शनाचं प्रकरण

हे प्रकरण पुण्यातल्या एका छोट्या कलादालनातलं आहे. माणसांची आणि संस्थेची ओळख झाकली आहे, ओळख पटेल असे एकदोन तपशीलही बदलले आहेत. प्रदर्शनाचा समन्वयक मी होतो. पुढे येणारी मुख्य चूक माझ्या हातची आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना गुन्हेगार शोधत बसायला नको.

पार्श्वभूमी

दापोडी म्हटलं की पुणेकराला एसटीचं वर्कशॉप आठवतं, फार तर लोकलचं स्टेशन. दोनशे वर्षांपूर्वी तिथे एका पलटणीची छावणी होती. पलटण पगाराने पेशव्यांची आणि हुकमतीने इंग्रजांची. तिचा प्रमुख फोर्ड. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई जुंपली तेव्हा ही पलटण दापोडीहून निघाली आणि इंग्रजांना जाऊन मिळाली. पुढे फोर्डचा बंगला सरकारकडे आला, मुंबईचे गव्हर्नर पावसाळ्यात तिथे मुक्काम करू लागले आणि जॉन माल्कमच्या कारकिर्दीत, १८२८ मध्ये, त्या आवारात सरकारी वनस्पतिउद्यान सुरू झालं.

या उद्यानाचा सर्वांत नावाजलेला अधीक्षक म्हणजे अलेक्झांडर गिब्सन. कंपनी सरकारचा स्कॉटिश डॉक्टर. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला आणि त्याच सुमारास त्याने एका चित्रकाराला बसवून उद्यानातल्या झाडांची चित्रं करून घ्यायला सुरुवात केली. १८५० पर्यंत सुमारे १७० चित्रं झाली. ती आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. हेन्री नोल्टी या वनस्पतिशास्त्रज्ञाने २००२ मध्ये त्यांवर पुस्तक काढलं आणि ‘दापुरी ड्रॉइंग्ज’ हे नाव रूढ झालं. दापोडीचं इंग्रजांनी केलेलं दापुरी तसंच राहिलं.

चित्रकार कोण? पोर्तुगीज-भारतीय होता, एवढंच. नाव नाही, गाव नाही, पगार किती तेही नाही. गिब्सनचं नाव मात्र झाडांना चिकटून राहिलं. हबेनारिया गिब्सोनी नावाचं ऑर्किड आहे. त्याच्याबरोबर १८६१ मध्ये मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिणाऱ्या डाल्झेलच्या नावाने तर दालझेलिया ही आख्खी प्रजाती आहे.

आमची चित्रकर्ती चाळिशीची, जलरंगात काम करणारी. पोटापाण्यासाठी तिने शालेय पुस्तकांसाठी बरीच वर्षं चित्रं काढली होती. ‘आकृती काढून भागांना नावे द्या’ या छापाची. नोल्टीचं पुस्तक हाती पडल्यावर ती दोन दिवस फोनवर दुसरं काही बोलत नव्हती. ‘अरे, हा माझ्याच धंद्यातला माणूस आहे. यालाही कुणीतरी सांगितलंय, देठ जरा डावीकडे घ्या.’

ठरलं ते असं : पाच महिने, २२ चित्रं, उद्घाटन ऑक्टोबरच्या सुरुवातीला. मूळ चित्रं आणणं विम्याच्या आकड्यानेच बाद केलं. पुस्तकातली छापील चित्रं स्कॅन करून लावायची नाहीत, हा पहिला निर्णय. परवानगीचा प्रश्न होताच, पण तिचं म्हणणं वेगळं होतं : ‘त्याचं चित्र छापून त्यावर मी रेघोट्या मारल्या तर पुन्हा मीच त्याला देठ डावीकडे घे म्हणाल्यासारखं होईल.’ तेव्हा झाडं समोर ठेवून, त्याच पद्धतीने, नव्याने चित्रं करायची.

अडचण

तिसऱ्या महिन्यात काम अडलं. चित्रं चांगली होत होती आणि तीच अडचण होती. भिंतीवर लावली की ती सुंदर वनस्पतिचित्रं वाटत. वसाहत, हुकूम, पगार, गायब झालेला माणूस, कशाचा मागमूस नाही. कुठल्याही हॉटेलच्या लॉबीत शोभली असती.

मग तिने एक पत्र लिहिलं. चित्रकाराने आईला गावाकडे पाठवलेलं, कोंकणी-मराठी मिसळीतलं, चहाच्या पाण्यात बुडवून जुनं केलेल्या कागदावर. पत्राखाली सही, म्हणजे नाव आलं. नावाला आडनाव, आडनावाला गोव्यातलं गाव, जन्मसाल. ते नाव मी इथे लिहीत नाही. सगळं पेटलं ते त्याच्यावरूनच, आणि ते अजून एकदा छापलं जाऊ नये असं मला वाटतं.

पत्र अप्रतिम होतं. आजही म्हणेन. त्यात एक वाक्य होतं, साहेबाला पानाची मागची बाजू हवी असते आणि मला पुढची आवडते, अशा अर्थाचं. ते वाचून आम्ही सगळेच त्या माणसाच्या प्रेमात पडलो आणि इथेच आमची तपासणी संपली.

प्रसिद्धिपत्रक मी लिहिलं. पहिल्या मसुद्यात ‘चित्रकर्तीने कल्पिलेला’ हे शब्द होते. मजकूर एका पानावर बसेना म्हणून मी छाटाछाट केली, तिच्यात हे दोन शब्द गेले. उद्घाटनाला अकरा दिवस असताना एका दैनिकात बातमी आली : दापोडीच्या विस्मृत चित्रकाराचा शोध लागला. नावानिशी, गावानिशी.

दोन दिवसांत तीन फोन आले.

पहिला वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांचा. ते चिडले होते आणि ते अपेक्षितच होतं. ‘उद्या पोरं प्रबंधात लिहितील हे. तुम्ही निस्तरायला येणार आहात?’

दुसरा वसईच्या एका निवृत्त शिक्षिकेचा. बाई शांत होत्या. ‘तुम्ही गोवा लिहिलंय. गोवाच कशावरून? वसईला दोनशे वर्षं पोर्तुगीज होते. तीच आडनावं आमच्याकडे आहेत, आणि आम्ही घरात मराठी बोलतो. पोर्तुगीज म्हटलं की तुम्हा लोकांना गोवाच दिसतो.’ मी काय उत्तर देणार? आम्ही गोवा का निवडला होता? पत्रात समुद्र, माड आणि फेणी आली की छान वाटत होतं म्हणून. साहेबांच्या नजरेवर टीका करणारं प्रदर्शन, आणि आमचीच नजर पर्यटकाची.

तिसरा फोन गोव्यातून आला. तेच आडनाव असलेलं कुटुंब. त्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या सांगत आलेली गोष्ट होती, की एक पूर्वज इंग्रजांच्या नोकरीत पुण्याकडे गेला तो परतलाच नाही. ‘कुठल्या चर्चच्या वहीत सापडलं तुम्हाला? काकांना दाखवायचंय. ते अंथरुणावर आहेत. पत्राची झेरॉक्स पाठवाल का?’

प्राध्यापकांशी वाद घालता आला असता. या माणसाशी काय वाद घालणार?

समोर असलेले पर्याय

त्या रात्री दालनात आम्ही चौघं बसलो होतो. चित्रकर्ती, दालनाच्या मालकीणबाई, मजकूर तपासणारा माझा एक इतिहासवाला मित्र, आणि मी.

चित्रकर्तीची बाजू सरळ होती : ‘गिब्सनने नाव लिहिलं नाही, मी लिहिते. त्यात खोटं काय? कादंबरीकाराला चालतं ते मला का नाही?’ म्हणजे पत्र ठेवायचं, नाव ठेवायचं, कोपऱ्यात छोटी चिठ्ठी लावायची. बाजूने बोलण्यासारखं बरंच होतं. लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये २०१९ मध्ये कंपनी काळातल्या भारतीय चित्रकारांचं जे मोठं प्रदर्शन झालं, तेव्हापासून नावं परत मिळवण्याची एक ओढच लागली आहे. शेख झैनुद्दीन, भवानी दास, राम दास ही नावं आता माहीत झाली आहेत. मग दापोडीच्याच माणसाने बिननावाचं का राहावं?

मित्र म्हणाला, ती नावं कुणी कल्पिलेली नाहीत, चित्रांवर लिहिलेली आहेत. पुण्याचंच घ्या. १७९० च्या दशकात मॅलेट या रेसिडेंटासाठी वेरूळची लेणी चितारणारा गंगाराम तांबट आपल्याला नावाने माहीत आहे, कारण मॅलेटच्या गोतावळ्यात ते नाव कागदावर चढलं. मद्रासकडे रॉबर्ट वाइट या वनस्पतिशास्त्रज्ञाने गोविंदू या आपल्या चित्रकाराच्या नावाने एका ऑर्किडला गोविंदूइया म्हटलं होतं. पुढे नामकरणाच्या नियमांत ते मागे पडलं, पण ठेवलं तर होतं. त्याहून जुनं उदाहरण मलबारचं. डच गव्हर्नर व्हान रीडच्या वनस्पतिग्रंथाच्या १६७८ च्या पहिल्याच खंडात इट्टी अच्युतन या वैद्याचं निवेदन आहे, आणि रंग भट, विनायक पंडित, आपू भट या तिघांचं कोंकणीतलं प्रमाणपत्र चक्क नागरी लिपीत छापलेलं आहे. ‘म्हणजे नाव लिहायची पद्धत नव्हती असं नाही,’ तो म्हणाला. ‘लिहिणारे लिहीत होते. इथे लिहिलं नाही. तू खोटं नाव घातलंस की ती रिकामी जागा बुजते, आणि गिब्सन अलगद सुटतो.’

या वाक्यावर चित्रकर्ती गप्प झाली.

मालकीणबाईंना सगळंच काढून टाकायचं होतं. पत्र नको, नाव नको, ‘अज्ञात चित्रकार’ लिहा आणि मोकळे व्हा. सुरक्षित पर्याय. पण मग आम्ही जिथे अडलो होतो तिथेच परत जाणार होतो, लॉबीत शोभणाऱ्या चित्रांपाशी.

मी मध्यममार्गी प्रस्ताव ठेवला : पत्र ठेवू, पण चित्रकर्तीच्या स्वतःच्या सहीने. बनवणारा कोण हे उघड दिसलं की फसवणूक राहत नाही. पुष्पमाला एन. या कलाकाराने क्लेअर आर्नी या छायाचित्रकाराबरोबर केलेल्या ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया’ या मालिकेत त्या स्वतः कॅमेऱ्यासमोर उभ्या आहेत, वसाहतकाळातल्या मानववंशशास्त्री फोटोंची नक्कल करत, मागे चौकटींचा पडदा लावून. कुणाचाही गोंधळ होत नाही, कारण कलाकार स्वतः फोटोत हजर आहे. आमच्या पत्रात आमची बाई हजर नव्हती. ती दुसऱ्याच्या सहीमागे लपली होती. पण उरलेल्या दिवसांत, बातमी छापून आल्यावर, सही बदलून काय होणार होतं? लोक त्या पत्रापाशी जाऊन ‘हेच का ते?’ विचारणार होते.

काय केलं

आधी गोव्याला फोन. तो चित्रकर्तीने स्वतः केला, मला करू दिला नाही. पाच मिनिटं बोलली. पलीकडून काय उत्तर आलं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दैनिकाला खुलासा पाठवला. तो आठ दिवसांनी आतल्या पानावर दोन ओळींत आला.

पत्र काढलं. त्या जागी काय लावायचं ते तिच्या रोजच्या वहीत सापडलं, जवळजवळ अपघाताने.

भाद्रपदात तिने तेरडा रंगवला होता. मंडईत गौरींसाठी जुड्या येतात त्यातलाच, स्टीलच्या पेल्यात ठेवलेला. शेजारी वहीत वेळा टिपल्या होत्या. ७.४०, फूल घेतलं. ९.१०, पाकळीची कड मऊ. ११, फूल गळालं, दुसरं घेतलं. १.३०, दुसरंही गेलं. तिसरं पहिल्यापेक्षा फिकट, रंग आठवणीने. दुसरा दिवस, पानं. तिसरा दिवस, देठ आणि बोंड. तेरड्याचा रंग तीन दिवस असं आपण सहज म्हणतो, तिला ते खरोखर तीन दिवस बघत बसावं लागलं होतं. चित्रातलं एक फूल हे मुळात तीन फुलांचं होतं, असं कुठलंच एक फूल त्या पेल्यात कधी नव्हतं.

ती म्हणाली, ‘त्याच्याबद्दल मला खात्रीने माहीत असलेली एवढीच गोष्ट आहे. त्यालाही हे असंच करावं लागलं असणार. फूल आधी, देठ शेवटी. यात मी काही रचत नाहीये.’

वहीची नऊ पानं जशीच्या तशी लांब टेबलावर मांडली, वर काच. एकेका चित्रामागचे तास, गळालेली फुलं, मोडलेला ब्रश, एका पानाच्या लवेसाठी गेलेली दुपार. कुणाचं चरित्र सांगितलं नाही, कामाचा हिशेब मांडला.

प्रदर्शनातला जंगलाचा, म्हणजे वनसंरक्षक गिब्सनवरचा, भागही बदलला, तो थोडक्यात सांगतो. चार चित्रांत गिब्सन सरळ खलनायक होता. मित्राने अडवलं. डोंगर उघडे पडले की ओढे आटतात हे सरकारला बजावणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत गिब्सन होता, आणि डोंगरउतारावर कुमरी, म्हणजे झाडं तोडून-जाळून फिरती शेती, करून जगणाऱ्यांच्या पोटावर पाय आणणाराही तोच. दोन्ही वाक्यं एकाच फलकावर लिहिली. दोन चित्रं काढून टाकली. २२ ची २० झाली.

सर्वांत जास्त वेळ गेला तो एका ओळीवर. ‘अज्ञात चित्रकार’ हे शब्द चित्रकर्तीला आता चालेनात. अज्ञात म्हटलं की दोष कुणाचाच नाही, जणू तो धुक्यात हरवला. तिचा मसुदा होता : ‘नाव नोंदवलं नाही.’ आम्ही सल्ल्यासाठी त्या चिडलेल्या प्राध्यापकांनाच बोलावलं, आणि ते आले. त्यांचा आक्षेप रास्त होता. गिब्सनचे सगळे कागद टिकलेत असं थोडंच आहे? एखाद्या हजेरीपटात नाव असेलही. चित्रकर्ती म्हणाली, ही साहेबाला दिलेली पळवाट आहे. प्राध्यापक म्हणाले, ही पळवाट नाही, शिस्त आहे. पाऊण तास गेला. शेवटी फलक असा झाला :

‘चित्रकार : उपलब्ध कागदांत नाव नोंदवलेलं नाही. चित्रं करवून घेणारे : अलेक्झांडर गिब्सन, अधीक्षक.’

गोवा गेला. वसई आली नाही.

काय झालं

उद्घाटन ठरल्या दिवशी झालं. गर्दी बातमीमुळे वाढली, हे कबूल करायला लाज वाटते. निम्मे लोक ‘तो सापडलेला चित्रकार’ बघायला आले होते. त्यांना काचेखालच्या वहीपाशी नेऊन सगळा प्रकार सांगायचं काम मी पहिले चार दिवस केलं. शिक्षा म्हणून पत्करलं होतं, पण प्रदर्शनातला सर्वांत चांगला संवाद तिथेच झाला. वसईच्या बाई दोन भाच्यांना घेऊन आल्या. त्यांनी फलक मोठ्याने वाचला, मग म्हणाल्या, ‘हे बरं केलंत. आता तो आमचाही असू शकतो.’ गोव्याकडून पुन्हा फोन आला नाही.

वीसपैकी नऊ चित्रं विकली गेली. तेरडा विकायचा नाही असं तिने आधीच ठरवलं होतं.

बातमी आंतरजालावर मूळ मथळ्यासह तशीच आहे, खुलाशाचा तिथे पत्ता नाही. दीड वर्षाने एका महाविद्यालयीन प्रकल्पात ते बनावट नाव मला संदर्भासह दिसलं. मार्गदर्शकांना पत्र लिहिलं. प्राध्यापकांनी फोनवर सांगितलेलं अक्षरशः तसंच घडलं होतं.

पुन्हा करायचं झालं तर

प्रसिद्धिपत्रकाचं सोपं आहे. कल्पिलेल्या गोष्टीपुढचा ‘कल्पित’ हा शब्द जागेअभावी काढायचा नाही, हवं तर उद्घाटकाचं नाव काढावं.

पत्राबद्दल मात्र माझं मन अजून एका बाजूला पडलेलं नाही. ते पहिल्या दिवसापासून चित्रकर्तीच्या सहीने लागलं असतं, नाव-गाव न देता, तर मला वाटतं चाललं असतं. ते गमावल्याचं मला वाईट वाटतं. ती म्हणते, बरं झालं गेलं, त्या पत्राने माझी चित्रं आळशी झाली होती.

वसईच्या बाईंशी बोलणं आधी व्हायला हवं होतं. पोर्तुगीज-भारतीय हा शब्द वाचल्यावर पाच महिन्यांत एकदाही आम्ही त्या समाजांतल्या कुणाला काही विचारलं नाही. अभ्यास म्हणजे पुस्तक अशी आमची समजूत.

आणि एक. झाडं पुरवली ती एका रोपवाटिकेतल्या माळीकाकांनी. नुसती पुरवली नाहीत. तिसऱ्या चित्राकडे बघून ते म्हणाले होते, ‘ताई, ही पानं कुंडीतली आहेत. रानातलं पान एवढं गुबगुबीत नसतं.’ त्यानंतर ती चार वेळा सिंहगडाच्या वाटेवर जाऊन बसली आणि सहा चित्रं बदलली. उद्घाटनानंतर तिसऱ्या दिवशी काका आले, मुलाला घेऊन. मुलगा ऋणनिर्देशाच्या फलकापाशी बराच वेळ उभा राहिला. फ्रेमवाला होता, छपाईवाला होता, चहावाल्याचंही नाव होतं. काकांचं नव्हतं. चित्रकर्तीला वाटलं मी लिहिलंय, मला वाटलं तिने दिलंय. दुपारी पट्टी छापून दुतर्फी चिकटपट्टीने लावली. ती दोनदा पडली. पुस्तिका छापून झाली होती, तिच्यात काही करता आलं नाही.

हा मजकूर मी काकांना वाचून दाखवला. प्रकरण अभ्यासात कुणाचंच नाव द्यायचं नसतं, म्हणून तुमचंही नाही, असं समजावलं. ते हसले.

‘म्हणजे परत राहिलंच.’